मींड दुरुस्त होईपर्यंत

खान्देशात गाण्यांचे हंगाम ठरलेले आहेत. तुळशीचं लग्न लागलं की हळदीची आणि वरातीची गाणी. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली की गौराईची आणि झोक्यावरची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिची गाणी त्याआधी तीन-चार आठवडे लोकांच्या मोबाइलवर पोचली पाहिजेत, कारण सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं की त्या गाण्यांना पुढच्या श्रावणापर्यंत कोणी विचारत नाही. मी जळगावात, घरातल्याच एका खोलीत, अहिराणी गाण्यांचं संगीत संयोजन करते. माहेर धुळ्याचं, त्यामुळे निम्मे गायक तिकडचेच: साक्री, शिंदखेडा, शिरपूर. एसटीने पारोळा-एरंडोलमार्गे येतात, दिवसभर गातात, संध्याकाळी परत जातात. माझ्या कामाची तारीख पंचांग ठरवतं. पण ज्या वाद्यावर मी हे काम करते ते बिघडलं तर कधी सुधारणार, हे ठरवतो युरोपातला एक माणूस. त्याने कानबाईचं नावही ऐकलेलं नाही.

ते वाद्य म्हणजे सॉफ्टवेअर सिंथेसायझर. कॉम्प्युटरमध्ये बसवलेला एक प्रोग्रॅम. समोर पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड जोडायचा आणि वाजवायचं. कीबोर्डमधून आवाज येत नाही, कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढा निरोप फक्त जातो. आवाज घडतो प्रोग्रॅममध्ये, आकडेमोडीतून. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची जोडणी काढली आणि १९९९ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यांनाही जागा करून दिली. त्या दिवसापासून पेटीएवढी, कपाटाएवढी वाद्यं कॉम्प्युटरच्या पडद्यावर मावू लागली. आज 'बबल्या इकस केसावर फुगे' किंवा 'हाई झुमकावाली पोर' यांसारखी खान्देशातून निघालेली गाणी नागपूर-कोल्हापूरच्या वरातींत वाजतात, त्याला हे एक मोठं कारण आहे. मुंबईचा स्टुडिओ परवडत नव्हता तेव्हा आमची गाणी लग्नाच्या मांडवात आणि झोक्याखालीच राहत होती.

माझे वडील धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पत्ती फुटली की नवी बसायची, चावीखालची गादी झिजली की ते स्वतःच कापून चिकटवायचे. पुढे बँडच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. पावसात त्यात पाणी गेलं, पट्टी अडली, तर तो उघडून, डाख लावून देणारा माणूस गावात होता. दुरुस्ती हाकेच्या अंतरावर होती. सॉफ्टवेअरच्या वाद्याला स्क्रूच नाही. ते उघडायचा अधिकार आणि अक्कल ज्याने ते लिहिलं त्याच्याकडे, फार तर त्याच्या दोन-तीन सहकाऱ्यांकडे. म्हणून या वाद्याचे वादक एक काम करतात, जे वडिलांच्या पिढीला करावं लागलं नाही: ते नव्या आवृत्तीची वाट पाहतात.

माझ्या वाद्याचं नाव इथे लिहीत नाही. तो एकट्याने चालवलेला प्रकल्प आहे आणि पुढे जे सांगणार आहे त्यातून त्या माणसावर दोष यावा अशी माझी इच्छा नाही. त्या वाद्यावर माझा जीव का जडला ते मात्र सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय वाट पाहण्याला अर्थ नाही.

कारण आहे पावरी. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात आणि सातपुड्यात आदिवासी बांधव वाजवतात ते फुंकवाद्य: भोपळा, बांबूच्या नळ्या, आत थरथरणाऱ्या जिभल्या. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजायला लागली की वादक दम तोडत नाही, सूर अखंड चालू राहतो. तो सूर नाकातून आल्यासारखा, थोडा खरबरीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणारा. आमच्याकडच्या लग्नगाण्यांत पावरीची धून आली की म्हातारी माणसंही उठतात. खरा पावरीवादक मिळाला तर मी सिंथेसायझर बंद ठेवते. पण गाण्याचं सगळं बजेट गायक, ढोलकी आणि व्हिडिओतच संपतं तेव्हा पावरी मलाच घडवावी लागते.

ती घडते कशी, हे थोडं सविस्तर सांगते. सिंथेसायझरमध्ये आवाजाचं कच्चं रूप देणारा भाग असतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली तर आवाज भरदार आणि तिखट येतो. मी असे दोन ऑसिलेटर घेते आणि दुसरा पहिल्यापेक्षा काही सेंटनी चढा ठेवते. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर मानतात. सहा-सात सेंटचा फरक वेगळा स्वर म्हणून कळत नाही, पण दोन्ही सूर एकमेकांवर घासतात आणि आवाजात जीव येतो. मग फिल्टर. वरच्या आणि खालच्या कंप्रता कापून मधला पट्टा ठेवला की नाकातला सूर येतो. फुंकरीसाठी चिमूटभर 'नॉइझ'. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला सूर किंचित खालून वर चढवायचा. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकच स्वर वाजेल आणि पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की आवाज घसरत जाईल, अशी व्यवस्था. तिला ग्लाइड म्हणतात. आपल्या भाषेत मींडच.

हे सगळं बऱ्याच सिंथेसायझरांत करता येतं. पण या एका वाद्यात मींड सुरू होताना वेग कमी, मध्ये जास्त आणि पोचताना पुन्हा कमी, असा वळणदार आकार देता यायचा. कुणा कंपनीच्या बैठकीत अशी सोय सुचली नसती. कान असलेल्या एका माणसालाच ती सुचू शकते. माझ्या कितीतरी गाण्यांत ती पावरी आहे. साक्री तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या पावरीवादकाने हेडफोन लावून ऐकलं आणि विचारलं, "कोन वाजाडी ऱ्हायना हाऊ?" यापेक्षा मोठी पावती मला मिळालेली नाही.

मग एका उन्हाळ्यात नवी आवृत्ती आली. पडदा मोठा झाला, अक्षरं वाचता येऊ लागली, जुन्या लॅपटॉपवरही वाद्य हलकं चालू लागलं. मी बसवून घेतली. कानबाईच्या गाण्याचं काम सुरू होतं. पावरी वाजवली आणि प्रत्येक मींडेखाली बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. स्वर स्थिर असला की नाही. घसरला की खरखर. गायिका आली होती, तिने काचेपलीकडून हात हलवला. "ताई, सूर फाटी ऱ्हायना." 

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इतक्या उष्णतेत लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आवाज तुटतो, हे आमच्याकडच्या प्रत्येक स्टुडिओवाल्याला ठाऊक आहे. म्हणून पहिला संशय उन्हावर. पहाटे, कूलरखाली, मशीन थंड असताना वाजवून पाहिलं. गुणगुण तशीच. दुसऱ्या वाद्यावर वाजवलं, तिथे स्वच्छ. मग इफेक्ट एकेक करून बंद केले: प्रतिध्वनी काढला, फिल्टर काढला, दुसरा ऑसिलेटर काढला. एक लहर आणि एक मींड एवढंच उरलं, तरी गुणगुण होती. आता निदान एवढं ठरलं की दोष मींडेच्या हिशेबात आहे.

यानंतर जे घडलं त्यासाठीच खरं तर हा लेख लिहिते आहे. ती गुणगुण नीट ऐकली तर तिलाही एक सूर होता. मी कोणत्याही स्वरावरून कोणत्याही स्वरावर गेले तरी गुणगुणीचा सूर बदलत नव्हता. पेटी घेऊन पडताळलं: पांढरी चारच्या किंचित खाली. त्याच सुमारास दुसऱ्या कामासाठी मी कॉम्प्युटरचं 'बफर' वाढवलं होतं. पावरी पुन्हा वाजवली तर गुणगुण बरोबर एक सप्तक खाली उतरलेली.

हे समजायला बफर म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने तयार करतो. एकेक नमुना सुटा पाठवणं त्याला झेपत नाही, म्हणून तो घाणे काढतो: २५६ नमुन्यांचा एक घाणा, पुढचा २५६चा, असे. ४४,१००ला २५६ने भागलं तर सेकंदाला साधारण १७२ घाणे होतात. बफर दुप्पट, म्हणजे ५१२ केलं, की ८६. आणि संगीतात कंप्रता निम्मी झाली की सूर एक सप्तक खाली येतो, हे पेटी शिकणाऱ्या मुलालाही सांगता येतं. पांढरी चारची मंद्रातली कंप्रता १७४च्या जवळपास असते. १७२ तिच्या किंचित खाली. हिशेब जुळला. वाद्य लिहिणाऱ्याने मशीनवरचा भार कमी करण्यासाठी मींडेचा हिशेब प्रत्येक नमुन्याला करायचा सोडून घाण्याच्या सुरुवातीला एकदाच करायला लावला असणार. त्यामुळे उतार होता तिथे जिना झाला. सेकंदाला १७२ पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांचीच गुणगुण.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. धुळ्याला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तू हे जसंच्या तसं लिही. बफर दुप्पट केलं की सूर सप्तकभर उतरतो, हे एक वाक्य वाचलं की त्या माणसाला कोणत्या ओळीत पाहायचं ते कळेल." त्याने इंग्रजी सुधारून दिलं. आम्ही पाच सेकंदांचे दोन तुकडे जोडले, वाद्याची आवृत्ती लिहिली, विंडोजची लिहिली, कोणत्या क्रमाने काय दाबलं की दोष दिसतो ते लिहिलं. रागाचा एक शब्द नाही, विनवणीचाही नाही.

उत्तर आलं. त्याने दोष आपल्या मशीनवर पाहिला, कारण मान्य केलं आणि सांगितलं की दुरुस्ती सरळ नाही. घाईने बदललं तर ज्या लोकांनी नव्या आवृत्तीत गाणी केली त्यांचा आवाज बदलेल. पुढच्या आवृत्तीत करतो, म्हणाला. तारीख दिली नाही.

ही तारीख न मिळणं बाहेरच्या माणसाला बेपर्वाई वाटते. मला वाटत नाही. वाद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अडचण असते जी हिशेबाच्या किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नसते: चुकीचा आवाजही कुणाच्या तरी गाण्यात पक्का बसलेला असतो. बेरीज चुकत असेल तर ती बरोबर केल्यावर सगळे खूश होतात. पण फिल्टर थोडा चुकीचा असेल आणि एखाद्याने त्याच चुकीवर आपला टोन उभा केला असेल, तर दुरुस्तीने त्याचं गाणं बिघडतं. 'सर्ज' नावाच्या मोफत सिंथेसायझरमध्ये यासाठी चांगली तरतूद आहे. प्रत्येक टोनच्या फायलीत तो कोणत्या पिढीचा आहे याचा क्रमांक नोंदलेला असतो. जुना टोन उघडला की वाद्य त्याला जुन्या पद्धतीने वागवतं. असं करायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा.

कानबाई मात्र थांबत नाही. दुरुस्ती येईपर्यंत मी जुनी आवृत्ती परत बसवली. ती माझ्याकडे होती, कारण प्रत्येक वाद्याची बसवायची फाइल मी बाहेरच्या हार्डडिस्कवर जपून ठेवते. जुनी आणि नवी एकाच मशीनवर सुखाने नांदत नाहीत. दोघींचं नाव एकच असल्याने गाणं उघडताना कोणती येईल याचा भरवसा नसतो. म्हणून एक जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून फक्त पावरीसाठी ठेवला. तिथे वाजवायचं, आवाजाची फाइल करायची, पेन ड्राइव्हने इकडे आणायची. गाणं वेळेवर गेलं. दुरुस्त आवृत्ती आली तेव्हा गणपती बसले होते. मींड आधीसारखी झाली, खरं तर आधीपेक्षा गुळगुळीत. सोबतच्या बदलांच्या यादीत एक ओळ त्या दोषाची होती.

आमचं थोडक्यात निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही, आणि वाट पाहणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावं. ब्रिटनच्या कॅमल ऑडिओ कंपनीचा 'अल्केमी' हा अतिशय देखणा सिंथेसायझर होता. जानेवारी २०१५ मध्ये कंपनी बंद झाली. तिला ॲपलने घेतल्याचं पुढे कळलं आणि त्याच वर्षी अल्केमी ॲपलच्या लॉजिक या प्रोग्रॅममध्ये, आणखी चांगल्या रूपात, परत आला. मॅकवाल्यांना सोनं मिळालं. विंडोजवाल्यांची वाट तिथे संपली. त्यांच्या वाद्याला पुढची आवृत्ती कधीच येणार नव्हती.

कधी वाद्य तसंच राहतं आणि खालची जमीन सरकते. पूर्वीचे प्रोग्रॅम ३२ बिटांचे होते, ते एका वेळी चार जीबीपेक्षा जास्त स्मृती वापरू शकत नव्हते. मग ६४ बिटांचा जमाना आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलने कॅटालिना ही प्रणाली आणली आणि तिच्यावर ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालणं बंद झालं. ज्यांच्या निर्मात्यांनी वाद्य ६४ बिटांत पुन्हा बांधलं नाही, ती वाद्यं एका रात्रीत मुकी झाली. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीचं साहित्य नव्या निर्मात्यांना देणं थांबवलं, आता तिसरीच वापरा म्हणून. हाही एक धक्का होता. एकट्याने, नोकरी सांभाळून, रात्री वाद्य लिहिणाऱ्या माणसाला असे बदल म्हणजे नवा स्वर घडवण्याचं सोडून जुनंच घर पुन्हा बांधत बसणं.

दुसऱ्या टोकाला सुखाच्या गोष्टीही आहेत. अमेरिकेतल्या स्टीव्ह डूडा यांच्या एक्सफर रेकॉर्ड्‌सने 'सीरम' २०१४ मध्ये आणला. जगभरच्या नृत्यसंगीतात तो गाजला, आमच्याकडच्या डीजेंच्या रिमिक्सातही त्याचे टोन ऐकू येतात. दुसरी आवृत्ती आली थेट मार्च २०२५ मध्ये, आणि ज्यांनी पहिली विकत घेतली होती त्या सगळ्यांना फुकट मिळाली. बर्लिनच्या उर्स हेकमान यांच्या यू-ही कंपनीचा 'झेब्रा २' २००६चा. हान्स झिमर यांनी 'द डार्क नाइट'च्या संगीतासाठी तो वापरला, तेव्हापासून त्याची कीर्ती वेगळीच आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीची वाट लोकांनी दहा वर्षांहून अधिक काळ पाहिली. इतकी वर्षं माणसं चिकटून राहिली याचं कारण दुसरी आवृत्ती दरम्यान सांभाळली गेली, नव्या मशीनांवर चालत राहिली. नवं काही न देता नुसतं जुनं चालू ठेवणं, हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझ्या लेखी तेच सर्वांत मोठं काम आहे.

सर्जची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते. क्लेस योहान्सन यांनी तो व्हेंबर ऑडिओ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे विकला. नंतर ते 'बिटविग' हा संगीताचा प्रोग्रॅम उभारणाऱ्यांपैकी एक झाले आणि सर्जकडे लक्ष द्यायला वेळ उरला नाही. अशा वेळी बहुतेक वाद्यं कुलूपबंद होऊन मरतात. त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये सर्जचा संपूर्ण सोर्स कोड जगापुढे मोकळा केला, कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा अशा परवान्याखाली. ठिकठिकाणची माणसं जमली, स्वखुशीने काम करू लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये 'सर्ज एक्स-टी' हे जवळपास नवं वाद्य उभं राहिलं. मोफत. त्यात सप्तक हवं तसं जुळवता येतं: स्काला नावाच्या पद्धतीची साधी मजकुराची फाइल उघडायची, तिच्यात बारा स्वरांची अंतरं सेंटमध्ये लिहायची. आखाजीच्या गाण्यांत आमच्या बायकांचा गंधार कित्येकदा ना पुरता कोमल लागतो, ना शुद्ध. पेटीवर तो नाहीच. सर्जमध्ये मी तो लिहून ठेवला आहे आणि गायिकेने पहिल्यांदा त्यावर गायलं तेव्हा तिचा आवाज कुठेही अडखळला नाही.

रोमानियाच्या पॉल नास्का यांनी २००२ मध्ये सुरू केलेला 'झिन-ॲड-सब-एफएक्स'ही असाच मोकळा. मूळ लेखक दुसऱ्या कामांकडे वळले, इतरांनी पुढे नेला. त्यातूनच २००९ मध्ये 'योशिमी' हे वेगळं वाद्य फुटलं आणि दोन्ही जगली. मोकळ्या वाद्याची वाट पाहणं वेगळं असतं. दुरुस्तीला उशीर होईल, पण दार कायमचं बंद होणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवोदित अरेंजरने पहिलं वाद्य मोकळंच घ्यावं, आणि विकतचं घ्यायचं तर विकतच घ्यावं.

हे दुसरं वाक्य आमच्या भागात बोलायला अवघड आहे, तरी बोलते. इथल्या खूप मुलांकडे हजारो रुपयांची वाद्यं असतात, सगळी क्रॅक केलेली. मुलं गरीब आहेत, एका गाण्याचे जेमतेम पैसे सुटतात, हे मला माहीत आहे. पण क्रॅकवाल्याला वाट पाहायचाही हक्क नसतो. त्याची आवृत्ती जिथे फोडली गेली तिथेच गोठते. दोष आढळला तर तो कुणाला कळवणार? त्याच्या कानाला जे कळलं ते कधीच निर्मात्यापर्यंत पोचत नाही. खान्देशात इतके तयार कान आहेत, दहा-दहा तास वरातीत वाजवून घडलेले, आणि जगातल्या कुठल्याही वाद्याच्या दुरुस्तीच्या यादीत त्यांची नोंद नाही. नुकसान पैशांचं कमी, याचं जास्त आहे.

वाट पाहणाऱ्याने स्वतःसाठी काय करावं, तेही सांगते. गाणं संपलं की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक आवाजाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. प्रोग्रॅम उद्या मेला तरी फाइल वाजेल. आवडत्या टोनचे आकडे वहीत लिहा. माझी पावरी एका पानावर मावते, आणि त्या पानावरून ती मी दुसऱ्या वाद्यात ऐंशी टक्के तरी उभी करू शकते. हंगामाच्या तोंडावर नवी आवृत्ती कधीही बसवू नका. दोष कळवताना आपल्याला काय वाटलं त्यापेक्षा काय दाबलं आणि काय ऐकू आलं ते लिहा.

राहिलेलं बोलणं विद्यार्थ्यांशी. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, बांभोरी, धुळे, शिरपूर इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि तिथे दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. सर्जचा सगळा कोड सी प्लस प्लसमध्ये आहे आणि घरबसल्या मिळतो. त्यात मींडेला हवं तसं वळण देण्याची सोय वाढवता येईल. अहिराणी गाण्यांच्या स्वरांतरांच्या फायली करता येतील. वापराची माहिती मराठीत लिहिता येईल, जी आज नाहीच म्हणावी इतकी थोडी आहे. पावरी, संबळ, ढोल यांचे टोन आपल्या नावाने जगाला देता येतील. वर्षानुवर्षं आम्ही दुसऱ्यांनी दुरुस्त करण्याची वाट पाहिली; आता निदान काही दुरुस्त्या इथून निघाव्यात. तुमच्यापैकी कोणी हे काम हातात घेणार असेल तर पावरी कशी वाजायला हवी ते मी दाखवीन, आणि साक्रीकडचे वादकही दाखवतील. कोड तुम्ही वाचा.